विकत घेतला, मग उसना का दिला? सलिबाच्या निमित्तानं फुटबॉलमधलं ‘लोन’

आपल्याकडे पाऊस सुरू होतो त्याच सुमारास युरोपात फुटबॉलपटूंचा बाजार भरतो. मग रोज पेपरच्या शेवटच्या पानावर एखादी बातमी असतेच: अमुक क्लबनं तमुक खेळाडू एवढ्या कोटींना घेतला आणि लगेच दुसऱ्या क्लबला ‘लोन’वर दिला. आमचे एक काका सहकारी बँकेतून निवृत्त झालेत. अशीच एक बातमी वाचून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, “लोन दिलं, ते समजलं. पण तारण काय? आणि व्याज कोण भरतो?”

मी हसलो खरा, पण नीट उत्तर देता येईना. म्हणून एका पोराची गोष्ट धरून हे सगळं उलगडायचं ठरवलं. विल्यम सलिबा हा फ्रेंच बचावपटू लंडनच्या आर्सेनल क्लबकडून खेळतो. सप्टेंबर २०२५ मध्ये आर्सेनलनं त्याचा करार २०३० पर्यंत वाढवला. त्याला स्पेनचा रेआल माद्रिद क्लब पळवणार अशा बातम्या कित्येक महिने चालू होत्या, त्यावर पडदा पडला. पण याच सलिबाला आर्सेनलनं २५ जुलै २०१९ रोजी विकत घेतलं आणि मुख्य संघाकडून त्याचा पहिला अधिकृत सामना झाला ५ ऑगस्ट २०२२ रोजी. मध्ये तीन वर्षं आणि अकरा दिवस गेले. तेवढ्यात तो तीनदा लोनवर गेला. कागदावर तिन्ही वेळा शब्द एकच होता, व्यवहार मात्र तीन तऱ्हेचे.

आधी पैसे कोणाचे ते बघू

आपली समजूत आयपीएलवर पोसलेली आहे, आणि तिथंच पहिला घोटाळा होतो. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात ऋषभ पंतवर लखनौनं २७ कोटींची बोली लावली. ते २७ कोटी म्हणजे पंतचं एका हंगामाचं मानधन.

सलिबाच्या वेळीही आकडा योगायोगानं २७ च होता. साधारण २७ दशलक्ष पौंड, म्हणजे तेव्हाच्या भावानं सव्वादोनशे कोटी रुपयांच्या पुढे. पण ते सलिबाच्या खात्यात गेले नाहीत. ते गेले साँ-एतियेन या फ्रेंच क्लबाकडे. खेळाडूचा क्लबशी काही वर्षांचा करार असतो आणि मुदत संपण्याआधी त्याला न्यायचं असेल तर जुन्या क्लबला मोबदला द्यावा लागतो. हीच ट्रान्सफर फी. भाडेकरू मुदतीआधी घर सोडतो तेव्हा उरलेल्या महिन्यांचा हिशेब होतो, तसंच काहीसं. खेळाडूचा पगार वेगळा, तो नवा क्लब देतो.

करार संपला की मात्र खेळाडू मोकळा, कुठंही फुकट जाऊ शकतो. म्हणून क्लबांना कराराची उरलेली वर्षं जिवापेक्षा प्यारी असतात.

आता लोन. यात खेळाडूचा मूळ करार मालक क्लबाकडेच राहतो आणि ठरलेल्या मुदतीसाठी तो दुसऱ्या क्लबाकडून खेळतो. सरकारी नोकरीतली प्रतिनियुक्ती आठवा. माणूस मूळ खात्याचा, कामाला दुसऱ्या खात्यात. पगार कुणी द्यायचा, निम्मा-निम्मा करायचा का, मुदतीआधी परत बोलावता येईल का, शेवटी कायमचा ठेवून घेता येईल का, हे सगळं ज्याच्या-त्याच्या कागदावर वेगळं. काकांना सांगितलं, तारण नाही आणि व्याजही नाही. ते म्हणाले, “मग याला लोन कशाला म्हणता, उसनवारी म्हणा.” बरोबरच आहे.

पोरगा कुठला?

सलिबाचा जन्म २४ मार्च २००१ चा, गाव बाँदी. पॅरिसच्या ईशान्येकडचं हे उपनगर. फ्रान्सचा नामवंत खेळाडू किलियन एम्बापे याच गावचा. एम्बापेचे वडील विल्फ्रिड गावच्या क्लबात पोरांना शिकवत आणि त्यांच्या हाताखाली लहानगा सलिबाही शिकला. पुढं शेजारच्या माँफेर्मेयचा क्लब, मग २०१६ मध्ये साँ-एतियेनची अकादमी. सतराव्या वर्षी पहिला व्यावसायिक करार, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये तुलूझविरुद्ध फ्रान्सच्या पहिल्या श्रेणीत पदार्पण. त्या हंगामात साँ-एतियेन चौथं आलं.

इथं एक नियम सांगायचा मोह आवरत नाही. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की फीच्या पाच टक्क्यांपर्यंत रक्कम त्याला १२ ते २३ या वयात ज्यांनी ज्यांनी घडवलं त्या क्लबांत वाटली जाते, असा फिफाचा नियम आहे. १२ ते १५ मधल्या प्रत्येक वर्षाला फीचा पाव टक्का, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. २७ दशलक्षांचा पाव टक्का म्हणजे साडेसदुसष्ट हजार पौंड, तेव्हाचे जवळपास अठ्ठावन्न लाख रुपये. पोराला तेराव्या वर्षी संध्याकाळी मैदानावर पळवलं, त्या एका वर्षाचे! उपनगरातल्या छोट्या क्लबाला एवढ्यात दिवे, जाळ्या, बूट, पोरांच्या प्रवासाची गाडी, सगळं होतं. तालमीत पैलवान घडवणाऱ्या आपल्या वस्तादांना असा वाटा मिळाला असता तर, असं वाटून जातं.

पहिला लोन: लग्न झालं, पाठवणी बाकी

२०१९ ला आर्सेनलनं पाच वर्षांच्या करारावर सलिबाला घेतलं आणि त्याच दिवशी वर्षभरासाठी साँ-एतियेनलाच परत दिलं. बाहेरून बघणाऱ्याला हा खुळेपणा वाटतो. पूर्वी लहान वयात लग्न लागायचं, पण मुलगी वर्ष-दोन वर्षं माहेरीच राहायची; पाठवणी नंतर. हा तसाच व्यवहार. साँ-एतियेनला चांगला बचावपटू लगेच सोडायचा नव्हता, आर्सेनलला दुसऱ्या कुणी उचलायच्या आत सही हवी होती, आणि अठरा वर्षांच्या पोराला ओळखीच्या मैदानावर आणखी एक वर्ष मिळणार होतं.

म्हणजे हा लोन मुळात सौदा जुळावा म्हणून होता, पोराच्या शिक्षणाचं नाव त्याला मागाहून चिकटलं. त्या वर्षी त्याच्या पायाचं हाड मोडलं. त्यात कोविड आला आणि फ्रान्सची लीग अर्ध्यात थांबवली गेली.

मग आला कागदाचा खरा हिसका. साँ-एतियेन फ्रेंच चषकाच्या अंतिम फेरीत पोचलं होतं. साथीमुळे सामना ढकलला गेला २४ जुलै २०२० वर. लोनची मुदत मात्र ३० जूनला संपत होती. मुदत महिनाभर वाढवायची तर दोन क्लबांत पुन्हा अटी ठरायला हव्यात, पैशांचं बोलणं व्हायला हवं. ते जमलं नाही. पोरगा लंडनला गेला आणि ज्या क्लबात घडला त्या क्लबाची फायनल त्यानं बाहेरून पाहिली. पॅरिस साँ-जर्मेन क्लबनं नेमारच्या गोलवर १-० असा सामना जिंकला. सलिबा असता तर निकाल फिरला असता असं मी म्हणणार नाही. पण एकोणीस वर्षांच्या मुलाचं नशीब मैदानापेक्षा तारखेवर कसं ठरतं, ते एवढं लख्ख क्वचितच दिसतं.

“न खेळणाऱ्यावर एवढे पैसे? आर्सेनलचं दिवाळं कसं निघालं नाही?”

हा प्रश्न काकांचाच, आणि त्याचं उत्तर त्यांना माझ्याआधी कळलं. क्लबाच्या वहीत २७ दशलक्ष एकाच वर्षाच्या खर्चाला पडत नाहीत. पाच वर्षांचा करार, म्हणून दर वर्षी पाचवा हिस्सा, ५.४ दशलक्ष. आपल्याकडे कारखान्यातलं यंत्र दर वर्षी वहीत थोडं थोडं कमी किमतीचं होत जातं, त्याला घसारा म्हणतात. हा माणसाचा घसारा.

गंमत अशी की यंत्र वापरलं नाही तरी घसारा चालूच राहतो. सलिबा आर्सेनलसाठी एक मिनिटही खेळला नव्हता तरी २०२२ च्या उन्हाळ्यात वहीत त्याची किंमत उरली होती १०.८ दशलक्ष. मैदानावरची त्याची किंमत तेव्हा उलट्या दिशेनं चढत होती. या दोन आकड्यांतल्या फटीत मोठ्या क्लबांचा धंदा बसतो. तरुण पोर घ्या, दुसऱ्याच्या गोठ्यात वाढू द्या, मग ठेवा नाहीतर विका. खेड्यात कालवड अर्धलीनं सांभाळायला देतात, त्या हिशेबाच्या जवळ जाणारी ही गोष्ट आहे. फरक एवढाच की कालवडीला टीव्हीवर नावं ठेवत नाहीत.

दुसरा लोन: अडगळीतून सुटका

सलिबा लंडनला पोचला तोवर घर बदललं होतं. त्याला घेतलं तेव्हा प्रशिक्षक होते उनाई एमेरी. त्यांना नोव्हेंबर २०१९ मध्येच काढलं गेलं. खरेदीच्या वेळी फुटबॉलचा कारभार पाहणारे राऊल सानयेहीही २०२० च्या ऑगस्टमध्ये गेले. नवे प्रशिक्षक मिकेल आर्टेटा यांनी हा पोरगा निवडलेला नव्हता. त्यात मधल्या बचावाच्या दोन जागांसाठी आधीच रांग: डेव्हिड लुईझ, मुस्ताफी, सॉक्रेटिस, होल्डिंग, चेंबर्स, पाब्लो मारी, आणि नुकताच लीलहून आणलेला गॅब्रिएल.

युरोपातल्या क्लबांची दुसऱ्या दर्जाची स्पर्धा म्हणजे युरोपा लीग; तिच्या यादीत सलिबाला घेतलं नाही. त्याला परत साँ-एतियेनला पाठवायचा प्रयत्न बाजार बंद व्हायच्या दिवशी फसला. मग २७ दशलक्षांचा बचावपटू २१ वर्षांखालच्या संघाबरोबर खालच्या श्रेणीतल्या क्लबांशी ईएफएल ट्रॉफी खेळत होता, आणि तिथंही एका सामन्यात त्याला लाल कार्ड मिळालं. नव्या शहरात, कोविडच्या टाळेबंदीत, परक्या भाषेत.

जानेवारी २०२१ मध्ये त्याला नीस या फ्रेंच क्लबाकडे लोनवर दिलं. पहिल्याच महिन्यात तो नीसचा महिन्याचा उत्तम खेळाडू ठरला आणि उरलेल्या हंगामात लीगचे वीस सामने खेळला. या लोनमागं काही मोठी योजना होती असं मला वाटत नाही. रिकामं बसलेलं पोर कुठंतरी खेळतं व्हावं, एवढंच. पण तेवढंच त्याला हवं होतं.

बचावपटूलाच एवढा वेळ का लागतो?

अठराव्या वर्षी आघाडीवर धुमाकूळ घालणारी पोरं आपण पाहतो. मग मधल्या बचावपटूला, ज्याला सेंटर-बॅक म्हणतात, वीस-एकवीस होईस्तोवर का थांबवतात?

कबड्डी खेळलेल्यांना हे एका मिनिटात कळेल. चढाईपटू एकटा असतो. त्याची चढाई फसली तर तो बाद होतो, पुढच्याला संधी मिळते. बचाव मात्र साखळीनं चालतो. हात धरलेल्या दोघांपैकी एकानं अर्धा क्षण आधी झेप घेतली की साखळी तुटली, आणि दोष दिसतो तो भलत्याचाच. फुटबॉलमधले चार बचावपटू हात धरत नाहीत, पण त्यांची रांग तशीच एकमेकांत बांधलेली असते. ऑफसाइडचा सापळा म्हणजे प्रतिस्पर्धी रांगेपलीकडे नियमबाह्य जागी अडकावा म्हणून चौघांनी एकाच क्षणी पुढं सरकणं. एक मागं राहिला की प्रतिस्पर्धी मोकळा सुटतो.

त्यातून आर्सेनलसारखे संघ ही रांग मैदानाच्या मध्यापर्यंत पुढं नेतात. पाठीमागं गोलरक्षकापर्यंत निम्मं मैदान मोकळं. तिथं चेंडू टाकला गेला तर धावून गाठायचा कुणी? सेंटर-बॅकनं. आणि नुसता गाठून भागत नाही, दोन प्रतिस्पर्धी अंगावर येत असताना शांतपणे आपल्याच खेळाडूला द्यायचा. हे निर्णय सरावात शिकता येत नाहीत. सरावात चुकलं तर शिट्टी वाजते आणि पुन्हा सुरुवात होते. सामन्यात चुकलं तर गोल. आघाडीवाल्यानं चार संधी दवडून पाचवी साधली की तो नायक ठरतो. बचावपटूची चार कामं बरोबर आणि पाचवं चुकलं तर दुसऱ्या दिवशी फक्त पाचव्याचाच फोटो छापतात.

म्हणून या पोरांना लागोपाठ सामने लागतात. महिन्यातून एकदा दहा मिनिटं नाहीत. दर शनिवारी नव्वद.

तिसरा लोन: हे मात्र खरं शिक्षण

जुलै २०२१. मार्सेय. फ्रान्समधला सगळ्यात तापट प्रेक्षक याच शहरात. घोषणा देतो तो, आणि शिट्ट्याही तोच घालतो. प्रशिक्षक अर्जेंटिनाचे होर्हे सांपाओली, ज्यांना मागून पायात चेंडू खेळवतच पुढं जायचं असे. सलिबासाठी दुकान योग्य, भावही योग्य. त्या हंगामात तो सगळ्या स्पर्धा मिळून ५२ सामने खेळला. मार्सेय लीगमध्ये दुसरं आलं, कॉन्फरन्स लीग या युरोपीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचलं. फ्रेंच लीगचा वर्षातला सर्वोत्तम तरुण खेळाडू म्हणून सलिबाची निवड झाली. २५ मार्च २०२२ ला आयव्हरी कोस्टविरुद्ध त्यानं फ्रान्ससाठी पहिला सामना खेळला, तोही मार्सेयच्याच मैदानात.

याच गाडीत आर्सेनलचा आणखी एक प्रवासी होता, मात्तेओ गाँदूझी. तोही त्याच उन्हाळ्यात, त्याच मार्सेयला लोनवर. पण त्याच्या कागदात पुढं विकत घेण्याचं कलम होतं, सलिबाच्या कागदात नव्हतं. वर्षभरानं गाँदूझी मार्सेयचाच झाला, सलिबा लंडनला परतला.

“म्हणजे लोनवर गेलेली सगळी पोरं तयार होऊन येतात?”

छे. आर्सेनलमध्येच बघा. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी कोन्स्तांतिनोस माव्रोपानोस हा वीस वर्षांचा ग्रीक सेंटर-बॅक घेतला. तोही लोनवर जर्मनीत न्यूर्नबर्गला गेला, मग स्टुटगार्टला, आणि चांगला खेळला. पण परत येऊन आर्सेनलच्या संघात बसला नाही; स्टुटगार्टनंच त्याला ठेवून घेतलं. त्याचं काही वाईट झालं नाही, पुढं तो वेस्ट हॅममधून इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्येही परतला. दुसरीकडे लंडनच्याच चेल्सी क्लबाचा लुकास पियाझोन. लोनवर सात क्लब, आणि चेल्सीकडून सामने जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दर वर्षी नवी भाषा, नवं घर, नवा प्रशिक्षक. याला शिक्षण म्हणायचं तर बदलीच्या नोकरीलाही पर्यटन म्हणावं लागेल.

मोठे क्लब पोरं गोळा करून वाटेल तशी फिरवू लागले, तेव्हा फिफानं जुलै २०२२ पासून वेसण घातली. देशाबाहेरच्या लोनवर आकड्याची मर्यादा आली: पहिल्या वर्षी आठ पाठवता येतील आणि आठ आणता येतील, मग सात, २०२४ पासून सहा. मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची, आणि लोनवर आलेल्याला पुढं तिसऱ्याला लोनवर देता येत नाही. पण वय २१ किंवा कमी आणि शिवाय त्याच क्लबात घडलेला, या दोन्ही अटी पुरवणारा खेळाडू या मोजणीत येत नाही. म्हणजे वेसण आहे, पण क्लबानं स्वतःच घडवलेल्या कोवळ्या पोरांच्या नाकात ती नाही. हे मला खटकतं. कोवळ्या पोरांना अनुभव मिळावा म्हणून ही सूट दिली हे मान्य, पण त्यांनाही वाटेल तसं फिरवलं जाऊ शकतं हेही तितकंच खरं.

“मग आर्टेटाचं चुकलंच ना?”

यावर आर्सेनलचे चाहते अजून भांडतात. एक बाजू म्हणते, मार्सेयमुळेच सलिबा घडला, आर्टेटा दूरदृष्टीचे. दुसरी म्हणते, नशीब म्हणून वाचले, पोरगा रुसून गेला असता तर? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. नीसमध्ये पहिल्याच महिन्यात चमकणारा मुलगा त्याआधी चार महिने युरोपा लीगच्या गटातले सामनेही खेळू शकला नसता, हे पटत नाही. पण मार्सेयचं वर्ष लंडनच्या बाकावर बसून मिळालं नसतं, हेही कबूल.

शेवटी ५ ऑगस्ट २०२२, क्रिस्टल पॅलेसचं मैदान. आपल्याकडे मध्यरात्रीचे साडेबारा वाजले होते. आर्सेनल २-० जिंकलं आणि सामनावीर ठरला सलिबा. पुढच्याच आठवड्यात लेस्टरविरुद्ध त्यानं चेंडू स्वतःच्याच जाळ्यात घातला. तीन वर्षं वाट पाहिलेल्या पोराचा घरच्या मैदानावर पहिला सामना, आणि स्वयंगोल. घरचा प्रेक्षक शिट्ट्या घालेल असं वाटलं, तर त्यांनी त्याच्या नावाचं गाणं सुरू केलं. त्याच्या पुढच्या शनिवारी बोर्नमथविरुद्ध त्यानं डाव्या पायानं वळवून असा गोल मारला की आघाडीवाल्यांनी बघत राहावं.

बचावपटूची किंमत तो नसताना कळते. मार्च २०२३ मध्ये त्याची पाठ दुखावली तेव्हा आर्सेनल लीगमध्ये अव्वल होतं. शेवटचे अकरा सामने तो बाहेर होता. लिव्हरपूल आणि वेस्ट हॅम, दोन्ही ठिकाणी आर्सेनलनं दोन गोलांची आघाडी घालवून बरोबरी पत्करली आणि विजेतेपद मँचेस्टर सिटीकडे गेलं. पुढच्या हंगामात सलिबा लीगच्या ३८ पैकी ३८ सामन्यांत, प्रत्येक मिनिट खेळला आणि संघावर अख्ख्या हंगामात फक्त २९ गोल झाले.

हे सगळं सांगून झाल्यावर काकांनी एकच विचारलं: २०३० पर्यंत करार वाढवलाय, म्हणजे त्याला तिथून हलता येणार नाही? येईल, मी म्हणालो, पण न्यायचं तर आर्सेनल मागेल ती किंमत मोजून. “म्हणजे मुदत ठेव रिन्यू केली,” ते म्हणाले, आणि पेपरचं पान उलटून क्रिकेटकडे वळले.